तपासणाऱ्याचं नाव

पेण, ११ नोव्हेंबर २०२५

तामार,

हे पाकीट शनिवारी हातात पडलं तर ठेवून दे आणि रविवारी फोड. तुमच्यात शनिवारी लिहीत नाहीत एवढं मला पक्कं माहीत आहे. पाकीट फोडलेलं चालतं की नाही, ते विचारायचं राहूनच गेलं.

अक्षर ओळखलंस ना? इंटर्नशिपला आपण जोडीनं होतो तेव्हा दर शनिवारी तुझ्या नोंदी याच अक्षरात व्हायच्या.

जवळजवळ नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार असं तुला वाटेल. काम आहेच. तू कॉलेजला केलेला अर्ज फिरत फिरत माझ्या टेबलावर आला आहे. तुझा पत्ता त्यावरूनच घेतला. आता हे वाचून तू हसशील किंवा पत्र फेकून देशील, पण सांगते. मी सध्या पेणला पशुवैद्यक विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक केंद्राची प्रमुख आहे. जिवंत जनावराला हात लावण्याआधी पोरांनी जे शिकायचं असतं, म्हणजे शीर शोधणं, टाके घालणं, गाय गाभण आहे का ते आत हात घालून ओळखणं, ते सगळं इथं मी शिकवते. मी!

आपल्या वेळच्या शिबिरांच्या नोंदवह्याही इथल्याच कपाटात येऊन पडल्यात. कॉलेजनं कळवलंय की २१ जानेवारी २०१७ च्या शिबिरातली सतरा नंबरची नोंद मूळ वहीशी ताडून पाहावी, आणि ती बरोबर असल्याचं केंद्रप्रमुखांनी तीस तारखेच्या आत सहीनं कळवावं. मी तशी सही केली की तुझी थांबवलेली इंटर्नशिप कायमची बाद. नोंद चुकीची ठरली तर तुला दाखला मिळेल आणि तिथल्या परवान्याच्या परीक्षेला बसता येईल. यंदाची संधी शेवटची, असं तू अर्जात लिहिलंयस. इस्रायलमध्ये अश्दोदजवळच्या एका गोठ्यात तू इतकी वर्षं पाळीनं गाई पिळतेयस, हेही त्यात वाचलं. वर्गात सगळ्यांत चांगला हात तुझा होता.

तर तुझी बाजू मी मांडणार आहे. कॉलेजला साधारण असं लिहीन म्हणते:

शिबिर कोलाडच्या पलीकडच्या गावात, शाळेमागच्या मैदानात होतं. गाभण न राहणाऱ्या गाईंची तपासणी. जनावर अडकवायचे दोन खोडे, एकावर मी, एकावर तू, मधे खुर्चीवर देखरेखीला म्हात्रे सर. वार शनिवार. जनावराचं दुखणं शनिवार पाळत नाही, म्हणून हात लावायला तुला तुझ्या आजोबांनी मुभा दिली होती, पण पेन धरायचं नाही. त्यामुळे वही माझ्याकडे. तू ओरडून सांगायचीस, मी लिहायची. सतरा नंबरची गाय विमलबाईंची पवळी. ती मी तपासली, रिकामी आहे असं सांगितलं आणि माजावर आणायचं इंजेक्शन दिलं. ती गाभण होती. चौथ्या दिवशी तिनं तीन महिन्यांचा गाभ टाकला. संध्याकाळी परतताना, हलत्या गाडीत, 'तपासणाऱ्याचं नाव' हा रकाना भरताना गडबडीत सतराव्या ओळीत 'नि.'च्या जागी 'ता.' पडलं. पुढं चौकशीत मी इतकी भेदरले होते, की वहीत आहे तेच बरोबर असणार असं मलाही वाटलं. माणसाचं होतं असं.

असं लिहिलं तर चालेल ना? तुझं काम होईल आणि कोणाचं फार वाईटही होणार नाही.

इकडचं सांगायचं तर केंद्र छान आहे. हात घालायला शिकायला आमच्याकडे फायबरची एक गाय आहे, आतला सगळा ऐवज रबराचा, बदलता येणारा. कधी रिकामं गर्भाशय लावायचं, कधी तीन महिन्यांचं. पोरांनी तिचं नाव ठेवलंय धोंडुबाई. मागच्या वर्षी तिचा रंग उडाला तेव्हा इथल्या गणपतीच्या कारखान्यातल्या बाबाजीला बोलावलं. त्यानं रंग दिलाच, वर हौसेनं डोळ्यांची आखणीही केली, अगदी मूर्तीची करतात तशी. तेव्हापासून धोंडुबाई ज्याच्या त्याच्याकडे रोखून बघते. मी शक्यतो तिच्या मागच्या बाजूलाच उभी असते.

परीक्षेत मी पोरांना तीन उत्तरं देऊ देते. गाभण, रिकामी आणि कळत नाही. तिसऱ्या उत्तरालाही पूर्ण गुण. "कळत नाही म्हणायला लाजू नका, लाजलात तर गाय मरते," असं मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. पोरं त्याला 'बाईंचा तिसरा पर्याय' म्हणतात. गेल्या वर्षी कुठल्याशा समितीनं त्याचं कौतुकही केलं.

तुझा होकार कळव.

निशिगंधा


पेण, १६ नोव्हेंबर

तामार,

वरचं पत्र पाठवलं नाही. तिकीट लावून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. पाच दिवस झाले, टपालपेटी केंद्राच्या फाटकाला लागूनच आहे.

शुक्रवारी परीक्षा होती. एका मुलीनं धोंडुबाईत खांद्यापर्यंत हात घातला, पाच मिनिटं चाचपलं, मग मोजा काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, मला कळत नाहीये." मी नेहमीसारखी तिची पाठ थोपटली. आणि थोपटता थोपटता माझाच हात मला इतका घाण वाटला की उरलेली परीक्षा दुसऱ्याला घ्यायला लावून मी घरी आले.

गाडी हलत होती, गडबड होती, हे सगळं खोटं आहे. गाडीत बसून मी तो रकाना भरला हे खरं. पासष्ट ओळी भरल्या, नि., नि., ता., नि., ता. एकही चुकली नाही. सतरावी मी कोरी सोडली होती.

आधी विमलबाईंचं सांगते, कारण ते तुला पूर्ण माहीत नाही. तू तेव्हा हापशीवर बादल्या भरायला गेली होतीस. पवळीला टेम्पोतून उतरवताना तिचा गुडघा फळीला घासून सोलला होता, रक्त येत होतं. खरं तर बाई आल्या होत्या फुकट वाटत होते ती खनिजांची पुडी न्यायला, कोणीतरी त्यांना आमच्या रांगेत उभं केलं. मी खोड्याचा अडसर लावला तशा त्या म्हणाल्या, "लागली हाय ती, बाय. तिला नको."

मी म्हटलं, "हो मावशी, दिसतंय मला लागलंय ते. मलम लावते."

"अगो, लागली हाय! लागली!"

"कळलं हो. एवढं काही नाही, सालपट निघालंय नुसतं."

मागची दोन माणसं हसली. का हसली ते मला कळलं नाही, उलट बरं वाटलं, की गावकऱ्यांशी आपलं जमतंय. मी डोंबिवलीची. आमच्याकडे लागतं ते गुडघ्याला, नाहीतर बोलणं मनाला. गाय लागली म्हणजे गाभण राहिली, हे तुमच्या रोह्यात शेंबडं पोरही सांगेल. मला रोह्याला येऊन जेमतेम महिना झाला होता. पुस्तकात 'गर्भधारणा' लिहिलेलं असतं.

मी हात घातला. उजवीकडे काहीतरी भरीव होतं, म्हणजे असावंसं वाटत होतं. सकाळपासून एकामागून एक गाई झाल्या होत्या, बोटं आखडली होती. तेवढ्यात सरांनी खुर्चीवरून विचारलं, "काय डॉक्टर, काय म्हणते गाय?" आपल्याला पहिल्यांदाच कोणीतरी डॉक्टर म्हणत होतं, आठवतं? वीसेक माणसं बघत होती. 'कळत नाही' एवढंच म्हणायचं होतं, सर उठून आले असते, नाहीतर तू आली असतीस. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, तामार. मी म्हटलं, "रिकामी आहे सर." आणि वर ठासून म्हटलं, कारण खात्री नव्हती.

इंजेक्शन देताना विमलबाईंनी स्वतः पवळीचा कान धरला होता. मलम लावतेय, त्याच्याबरोबर धनुर्वाताची सुई असणार, असं त्यांना वाटलं. जाताना "बरा झाला, मलम लावलास," म्हणाल्या.

म्हणून संध्याकाळी ती ओळ कोरी राहिली. तिथं माझं नाव घालायला हात धजेना. मनात पाल चुकचुकत होती, पण तुला विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर तू त्याच पावली गाडी मागं फिरवायला लावली असतीस. तेव्हा अजून काही करता आलं असतं का, कोण जाणे. मी ते कळून घ्यायचंच टाळलं.

बुधवारी दुपारी विमलबाई कोलाडच्या दवाखान्यात आल्या. भाकरीच्या फडक्यात गुंडाळून वीतभर लांबीचं ते घेऊन आल्या होत्या. सरांचा मला फोन आला की वही घेऊन ये. आपल्या खोलीपासून दवाखाना पाच मिनिटांवर. वाटेत चिंचेखाली मी थांबले, कोणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर वही ठेवली, सतरावी ओळ काढली आणि 'ता.' लिहिलं. तेच निळं पेन. तुझं आद्याक्षर मी इतक्यांदा लिहिलं होतं की हात जरासुद्धा अडखळला नाही.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू एवढंच म्हणालीस, "ती गाय मी तपासली नाही." चौकशीला बसलेल्या साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तामारनं जसं सांगितलं तसं मी लिहिलं." मग तुम्हा ज्यूंमध्ये शनिवारी लिहीत नाहीत हा विषय निघाला, आणि त्यांतला एक जण म्हणाला, "हात चालतो आणि पेन चालत नाही, हा कुठला धर्म?" सगळे हसले. मीही हसले. थोडीशीच, पण हसले. बाकीचं भीतीनं केलं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते, त्या हसण्याची मात्र घालता येत नाही. आदल्या शुक्रवारीच तुमच्या घरी मी मांडी घालून जेवले होते. नारळाच्या दुधातलं मटण तुझ्या आजीनं मला दोनदा वाढलं होतं आणि "आमची तामार शनवारी तुझ्या हातानं लिहिते, म्हंजे तू आमचीच," असं म्हणाली होती.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलेल, आता सगळं सांगेल. तू खाली स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस.

तुझी इंटर्नशिप थांबवली, माझी पूर्ण झाली. मग नोकरी, मग हे केंद्र. दर वर्षी वाटायचं की आता सांगू, आणि दर वर्षी सांगण्यानं जाणारं काहीतरी जास्तच असायचं. याला कारण म्हणत नाहीत, मला कळतं.

कॉलेजचा कागद समोर आहे. सहीची जागा पेन्सिलनं फुली मारून दाखवली आहे. केली तर कोणाला कळणार नाही. नाही केली आणि नुसतं 'गडबडीत चूक झाली' लिहिलं, तरी चालून जाईल, तुझंही होईल आणि माझंही राहील. मी अजून काहीच केलेलं नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातला खाणारा मीच की काय, तेवढं एकदा बघायचं आहे. शनिवारी विमलबाईंकडे जाते.

निशिगंधा


रोहा, २३ नोव्हेंबर

तामार,

स्टँडसमोरच्या लॉजवर बसून लिहितेय. काल गेले.

आधी अष्टमी गावात तुमच्या घरावरून गेले. कुलूप आहे. आत जाताना तू बोट लावून ओठांना लावायचीस ती चौकटीवरची लांबट डबी तुम्ही नेलीत, तिच्या खिळ्यांची दोन भोकं आहेत. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नाही.

विमलबाईंच्या अंगणात भाताची झोडणी संपली होती, त्या पेंढा रचत होत्या. त्यांचे यजमान केरूकाका वाल पेरायला शेतावर गेले होते. मी नाव सांगायच्या आधीच त्या थांबल्या.

"तू मलमवाली ना गो?"

"हो."

"चष्मा बदललास."

बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. पहिल्यापासून, चिंचेखालचंही. गाडीत येताना जे घोकत आले होते त्यातलं काही आठवलं नाही, नुसतं एकामागून एक येत गेलं. त्या पेंढा रचतच होत्या. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "मंग? ह्यातला मला काय नवीन सांगितलास?"

मला कळेना.

"सुई टोचलीस तू. मी कान धरला व्हता, मला दिसत नव्हता? ती एझ्रा तेल्याची नात पान्याला गेलेली. आन् ती असती तर मी लागली म्हटल्यावर तिनं हातच लावला नसता. ती आमच्यातली. शनवारी घाना बंद ठेवतात ते शनवार तेली, त्यांची पोर शनवारी लिवत नाय, ह्ये माझ्या आयशीला पन ठावं व्हता, तुमच्या सायबांना नाय."

मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"कोन इचारायला आला? फडका ठेवून घेतला माझा, आन् जा म्हनाले."

मग त्यांनी पेंढा खाली टाकला आणि माझ्याकडे नीट बघून बोलल्या. ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे.

"पवळीची पिशवी सडली. तुझी ती मैतरीन धा दिस रोज यायची, सायकलवरनं. आतून धुवून काढायची, औषध सोडायची. गाय वाचली, पन परत लागलीच नाय. मी तामारला म्हटला, चल, मी येतंय तुझ्या सायबाला सांगायला. नको म्हनाली. मावशी, ती सवता सांगनार, म्हनाली, तिला जरा येळ द्या. ती येईल तुमच्याकडं. मी म्हटला, येते का बघू. मी शिमग्यापत्तर वाट बघितली गो. मंग ते लोकच निघून गेलं."

तामार, तू मला हे कधीच कळू दिलं नाहीस. खाली हातांकडे बघत बसलीस तेव्हा तू हरलीस असं मी समजत होते. तू मला वेळ देत होतीस. मी तो जवळजवळ नऊ वर्षं वापरला.

मी तिथंच खाली बसले. रडायलाही तोंड हवं, ते नव्हतं. विमलबाई आत गेल्या, मला वाटलं आता येत नाहीत. आल्या त्या कोमट पाण्याची बादली आणि साबण घेऊन.

"उठ. मोरी गायला दीड म्हयना झालाय भरवून. बघ लागली का."

मी म्हटलं, माझ्याकडून नको. त्या म्हणाल्या, "तुझ्याशिवाय हितं कोन उभा हाय?"

मोरी काळी, अंगानं लहान, पहिलटकरीण. मी मोजा चढवला, हात घातला. आमची धोंडुबाई कधी पाय उचलत नाही. हिनं माझ्या पोटरीवर लाथ घातली, बरं वाटलं. आत ऊब होती. गर्भाशयाचं डावं शिंग, उजवं शिंग, दोन्ही जवळजवळ सारखी. उजवं किंचित भरल्यासारखं, की मला तसं हवं होतं म्हणून? मी पुन्हा चाचपलं. इतकी वर्षं मी हे शिकवतेय. विमलबाई शेपूट धरून उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कुंपणापलीकडून वाटेनं जाणारी दोन माणसंही थांबली होती.

"मावशी, मला नक्की कळत नाही," मी म्हटलं. "पंधरा दिवसांनी परत येऊन बघते. तोवर कोणालाही हिला कसलीच सुई टोचू देऊ नका."

त्यांनी शेपूट सोडलं.

"तवाच असा म्हनाली असतीस तर?" एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

चहा दिला नाही. द्यायलाही नको होता.

निशिगंधा


पेण, ७ डिसेंबर

तामार,

चोवीस तारखेला कॉलेजला लिहून दिलं. फुली मारलेल्या जागी सही केली नाही, वेगळ्या कागदावर केली. प्रत सोबत आहे. त्यात गडबड नाही, हलती गाडी नाही. 'सदर गाय मी तपासली. निदान मी केले. इंजेक्शन मी दिले. चार दिवसांनी तामार अष्टमकर हिचे आद्याक्षर मी जाणूनबुजून लिहिले व चौकशीत खोटे बोलले.' एवढंच आहे. लिहायला दहा मिनिटं लागली.

दोन दिवसांनी म्हात्रे सरांचा फोन आला. निवृत्त झालेत, आवाज तोच. म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी म्हटलं, "सर, तेव्हा हात दाखवला असता तर आज ही वेळ नसती." त्यांनी फोन ठेवला.

केंद्रप्रमुखपद काढून घेतलंय. चौकशी लागेल. माझा परवाना राहील की जाईल ते माहीत नाही. कॉलेजनं मात्र तुझी नोंद रद्द केली आणि उरलेल्या महिन्यांबद्दल तुला स्वतंत्र कळवणार आहेत. तुझ्या गोठ्यातलं काम त्यात धरायचा विचार आहे, असं तिथली क्लार्क म्हणाली. ते तुझ्या मुदतीत बसेल असं तिला वाटतं. नक्की मला सांगता येत नाही.

जायच्या दिवशी मी शेवटचा तास घेतला. धोंडुबाईच्या पुढच्या बाजूला उभी राहिले, तिच्या त्या आखलेल्या डोळ्यांसमोर, आणि पोरांना सगळं सांगितलं. ती शुक्रवारची मुलगी म्हणाली, "बाई, मग तिसरा पर्याय तुम्ही आम्हाला कुठल्या तोंडानं शिकवलात?" मी म्हटलं, "मला यायचा नाही म्हणून." ती वही बंद करून खाली बघत राहिली. बाहेर पडताना तिनं मला वाट दिली, पण 'येते बाई' म्हणाली नाही.

चारही पत्रं एकाच पाकिटात घालतेय. पहिलंही घातलंय. ते फाडणार होते, पण मग तुला माझं उरलेलं तेवढं चांगलं रूप दिसलं असतं, आणि ते खोटं झालं असतं. मी किती सहज आणि किती नीटनेटकं खोटं लिहू शकते, ते तुझ्याजवळ असू दे. क्षमा मागत नाही. उत्तरही मागत नाही. तू तेव्हा दिलेला वेळ मी असा घालवल्यावर आता तुझा एक मिनिटही मागायला मला तोंड नाही.

आज सकाळी कोलाडला जाऊन आले. पंधरा दिवस झाले होते. पदाची गाडी आता नाही, एसटीनं गेले. विमलबाईंनी बादली आधीच भरून ठेवली होती. केरूकाका घरी होते, त्यांनी मोरीची वेसण धरली. मी सावकाश हात घातला आणि या वेळी फार शोधावं लागलं नाही. उजवं शिंग डाव्याहून स्पष्ट मोठं, आणि चिमटीतून गर्भाभोवतीचं ते बारीक वेष्टन निसटलं, तू मला खोलीत ओल्या रुमालाच्या दोन घड्या करून शिकवलं होतंस ना, अगदी तसं. मी खात्री करायला पुन्हा चिमटीत धरलं. पुन्हा निसटलं.

मी हात बाहेर काढला आणि त्यांच्याच शब्दात सांगितलं. केरूकाका हसले. विमलबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ओटीवर चटई टाकली आणि बस म्हणाल्या. चहा घेताना म्हणाल्या, "तिला कळव गो. तू येईल, येईल म्हनत व्हतीस, ती आली म्हनावं."

तेव्हा कळवते. वहीतली ओळ असते तशीच लिहिते, म्हणजे तुला ताडून बघता येईल.

मालक : विमलबाई. गाय : मोरी. निदान : लागली.

तपासणाऱ्याचं नाव : नि.